पोळपाटाची मूठ: मॉडेल १९ च्या ग्रिपच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४, कोलंबस (ओहायो)

गेल्या शनिवारच्या सरावात दोन गोष्टी खटकल्या. दोन्ही मुठीपाशी येऊन थांबतात असं वाटतंय, म्हणून ही वही उघडली.

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९. नळी चार इंची, पोलाद काळसर निळं. सिलिंडर बाहेर झुकवला की फ्रेमवर आत ‘१९-४’ असा ठसा दिसतो, म्हणजे १९७७ ते १९८२ या काळातलं. हे रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये ‘कॉम्बॅट मॅग्नम’ या नावाने आलं, मॉडेलचा आकडा त्याला १९५७ मध्ये मिळाला. बॉर्डर पेट्रोल या अमेरिकी सीमा-पोलिसांतले बिल जॉर्डन यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. .३५७ मॅग्नम या जबर गोळीचा जोर हवा, पण दिवसभर कमरेला वागवता येईल अशा मध्यम फ्रेममध्ये हवा, असं त्यांचं म्हणणं. ती मध्यम फ्रेम म्हणजे १८९९ पासून चालत आलेली के फ्रेम. एच-वन व्हिसावर असताना, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, इथे बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड आलं, त्यानंतर दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून मी हे जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं.

पहिली खटकलेली गोष्ट. बायकोने .३८ स्पेशलच्या, म्हणजे याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या पण कमी जोराच्या, सहा गोळ्या भरल्या आणि सहापैकी दोन वेळा नुसतं ‘टक्’ झालं. नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच ठेवून तिने तीस सेकंद थांबून पाहिलं. काही नाही. बाहेर काढल्यावर दिसलं की प्रायमरवर, म्हणजे गोळीच्या बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीवर, खळगा उठलाय, पण उथळ. त्याच दोन गोळ्या पुन्हा भरल्या, तेव्हा उडाल्या.

दुसरी गोष्ट तिच्या हाताची. या रिव्हॉल्व्हरवर कारखान्याची ‘टार्गेट’ ग्रिप आहे, गोन्सालो आल्व्हेस या दक्षिण अमेरिकी लाकडाची. तांबूस, त्यात काळ्या शिरा, बघत राहावी अशी. पण ती खाली रुंद होत जाते. माणसाचं मधलं बोट लांब आणि करंगळी आखूड, तेव्हा मूठ खाली निमुळती व्हायला हवी. ही नेमकी उलटी आहे. माझा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १९.५ सेंटिमीटर, तिचा १६.५. माझं कसंबसं भागतं. तिला मात्र ट्रिगरपर्यंत पोचायला अख्खा हात उजवीकडे फिरवावा लागतो. मग मागची पोलादी पट्टी अंगठ्याच्या बेचक्यात न बसता अंगठ्याच्या बुडातल्या हाडावर येते, आणि गोळीचा सगळा धक्का त्या हाडावर.

घरी आल्यावर मोजून पाहिलं. सिलिंडर उघडून दोघांनी सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली. गोळ्यांचे डबे घरात, तळघराच्या कपाटात. गॅरेजच्या टेबलावर एकही गोळी येणार नाही, हा या कामाचा पहिला नियम. नंतर खोट्या गोळ्या भरून तिने भिंतीवरच्या खुणेवर नेम धरला. हात बरोबर ठेवला, म्हणजे नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत आणला, की तिच्या तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरच्या कडेला टेकतं. नखाच्या रेषेपर्यंतसुद्धा नाही. डबल अ‍ॅक्शनमध्ये तेच बोट हॅमर (प्रायमरला टोला देणारा भाग) मागे नेतं आणि सिलिंडरही फिरवतं. बोटाच्या टोकाने ते होत नाही. निदान पहिल्या पेराची गादी तरी ट्रिगरवर हवी.

२९ सप्टेंबर

ग्रिप उतरवली. ती म्हणजे फ्रेमच्या दोन बाजूंना दोन लाकडी फळ्या आणि मधून एक आडवा स्क्रू.

इथे घाई केली की जुनी ग्रिप कायमची जाते. स्क्रू पूर्ण काढून फळीच्या कडेत पातं घालून उचकटणारे लोक मी पाहिलेत. कडेचा टवका उडतो आणि पोलादावर ओरखडा राहतो. रीत अशी की स्क्रू तीन-चार आटे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दाबायचं. स्क्रू समोरच्या फळीतल्या पितळी बुशीत अडकलेला असतो, त्यामुळे तो समोरची फळी स्वतःच बाहेर ढकलतो. ती सुटली की स्क्रू काढायचा आणि दुसरी फळी आतून बोटाने लोटायची.

ड्रायव्हरही साधा चालत नाही. घरातल्या ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला धरतं आणि कड चुरगाळतं. समांतर बाजूंचं, खाचेत तळापर्यंत घट्ट बसणारं पातं लागतं. मी एका पात्याला तेलदगडावर घासून या खाचेपुरतं बरोबर केलं आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. हे पातं आता दुसऱ्या कामाला नाही.

आत चाळीसेक वर्षांची धूळ, सुकलेलं तेल आणि खालच्या खुंटीजवळ गंजाचा एक ठिपका. खुंटी म्हणजे फ्रेमच्या तळाशी आडवी बसवलेली छोटी पिन. फळ्यांची भोकं तिच्यावर बसतात, म्हणून फळ्या सरकत नाहीत. गंज बारीक पितळी ब्रशने आणि तेलाने निघाला.

आणि गोळ्या न उडण्याचं कारणही इथेच सापडलं. के फ्रेमची मुख्य स्प्रिंग ही एक लांब पोलादी पाती असते. मुठीच्या पुढच्या पट्टीत खाली एक स्क्रू असतो, स्ट्रेन स्क्रू, तो पातीला मागे रेटून ताण देतो. तो शेवटपर्यंत आवळलेला असायला हवा. आमचा जवळजवळ एक आटा सैल होता. ट्रिगर हलका व्हावा म्हणून आधीच्या कुणीतरी सोडला असणार, हे बऱ्याच जणांचं करणं आहे. ट्रिगर हलका होतो खरा, पण हॅमरचा टोलाही तितकाच हलका पडतो. स्क्रू पूर्ण आवळला.

बायकोला कोरडा ट्रिगर ओढून बघायला दिलं. म्हणाली, “अरे, हा तर आणखी जड झाला.” झालाच. म्हणजे आता तिचं बोट नीट पोचणं पहिल्यापेक्षा जास्त गरजेचं. स्प्रिंगला पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं. जे काय करायचं ते मुठीत.

५ ऑक्टोबर

माझ्यासाठी रबरी ग्रिप मागवली होती, आज आली. इथे कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ म्हणजे क्रमांक असलेली फ्रेम. ग्रिप हा नुसता सुटा भाग, त्यामुळे ती टपालाने दारात येते.

आली ती चुकीची. विक्रेत्याने ‘के फ्रेम’ एवढंच लिहिलं होतं, पण के फ्रेमच्या मुठीचा सांगाडा दोन प्रकारचा असतो. एकाचा तळ चौकोनी आणि मागचा कोपरा टोकदार, तर दुसऱ्याचा तो कोपरा गोल. जुन्या चार इंची मॉडेल १९ ला चौकोनी तळ. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कंपनीने बहुतेक सगळं गोल तळावर नेलं. गोल तळाची ग्रिप चौकोनी सांगाड्यावर चढतच नाही. उलट मात्र चालतं: चौकोनी मुठीचा आकार देणाऱ्या, पण आतून गोल तळासाठी कोरलेल्या ग्रिप मिळतात. कंपनीच्या इतर मापांच्या फ्रेमपैकी एल फ्रेमची मूठ के फ्रेमसारखीच, जे फ्रेमची लहान, एन फ्रेमची मोठी. ग्रिप घेणाऱ्याने आधी आपलं रिव्हॉल्व्हर आडवं ठेवून मागचा खालचा कोपरा बघावा.

परत पाठवली. बदलून देताना त्यांनी वाद घातला नाही, पण दोन आठवडे जाणार.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पाटावर रंधा, पटाशी, कानस आणि लाल दोऱ्याचा ड्रायव्हर मांडला, हळद-कुंकू वाहिलं. आपट्याची पानं इथे नाहीत. मुलीने कागदाची कापली.

पूजेनंतर स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळातून परात काढताना तुटका पोळपाट हाताला लागला. आमच्या लग्नात सासूबाईंनी तुळशीबागेतून घेऊन दिलेला, शिसवी. ओहायोच्या थंडीत घरात हीटर चालतो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तो मधोमध तडकला. टाकवत नव्हता म्हणून ठेवला होता. जाडी मोजली: १९ मिलिमीटर. शिसवी घट्ट, जड, रेषा जवळ-जवळ. आणि तडकायचं ते तडकून झालेलं, म्हणजे आता यात नवीन ताण उरलेला नसावा.

बायकोला विचारलं. तिने तो हातात घेतला, तडा न गेलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “माझीच मूठ करणार असशील तर घे.”

१९ ऑक्टोबर

बरोबर रबरी ग्रिप आली. होग कंपनीची एकसंध ‘मोनोग्रिप’. गाय होग हे लॉस एंजेलिसचे पोलिस. १९६८ च्या सुमारास त्यांनी सोबतच्या पोलिसांसाठी ग्रिप करायला सुरुवात केली आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. त्यांच्या ग्रिपची बांधणी मला फार आवडते. दोन फळ्या आणि मधून आडवा स्क्रू हा प्रकारच नाही. तळाच्या खुंटीवर एक छोटी पोलादी रिकीब अडकवायची, ग्रिप खालून मोज्यासारखी वर चढवायची आणि तळातून एक स्क्रू पिळायचा. तो रिकिबीला धरून ग्रिप वर ओढतो. दोन फळ्यांच्या ग्रिपमध्ये स्क्रू सैल झाला की फळ्या हलतात, इथे हलायला काही उरत नाही.

चढवताना रबर अडतं. साबणाचं पाणी लावण्याचा मोह टाळला, कारण ते पाणी आतच राहतं. रबराखाली घाम आणि ओल कोंडते आणि निळ्या पोलादाला आतून गंज चढतो. फ्रेमवर तेलाचा हलका हात मारून चढवली. दर दोन महिन्यांनी काढून पुसायची, हे कॅलेंडरवर लिहिलं.

दुपारी सराव. .३८ च्या ३० गोळ्या आणि मॅग्नमच्या १२. एकही ‘टक्’ नाही, स्ट्रेन स्क्रूचं निदान बरोबर होतं. १५८ ग्रेनची साधी .३८ गोळी सेकंदाला सुमारे ७५५ फूट वेगाने जाते, तेवढ्याच वजनाची .३५७ मॅग्नम सुमारे १,२३५ फुटांनी. तो फरक हाताला लगेच कळतो. लाकडी ग्रिपवर मॅग्नम झाडली की ट्रिगर गार्डचा मागचा वाक माझ्या मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटायचा. रबरी ग्रिप ती पोकळी भरून काढते. बोट सुरक्षित. बोटांसाठीच्या खोबणी माझ्या बोटांना जुळल्या, हे नशीब. खोबणी बनवणाऱ्याच्या मनातल्या हातासाठी असतात. बायकोचं करंगळीचं बोट बरोबर दोन खोबणींमधल्या उंचवट्यावर येतं.

मॅग्नम मी मोजकीच वापरतो. या मॉडेलच्या नळीचं मागचं तोंड के फ्रेममध्ये मावावं म्हणून खालून सपाट घासलेलं आहे. हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांच्या सततच्या माऱ्याने ते नेमकं तिथेच तडकतं.

२० ऑक्टोबर

पोळपाटावर आखणी. तिच्यासाठी ‘मॅग्ना’ पद्धतीच्या सपाट फळ्या करायच्या. ही पद्धत १९३५ च्या सुमाराची. फळी फ्रेमच्या दोन बाजूंना बसते, वरचं टोक शिंगासारखं हॅमरच्या मागच्या उंचवट्यापर्यंत जातं, पुढची आणि मागची पट्टी उघडी राहते. म्हणजे मुठीचा घेर शक्य तितका लहान. टार्गेट ग्रिपसारखं आत खोल कोरायचं नाही, आतली बाजू सपाट चालते. पहिल्याच प्रयत्नाला तेवढं पुरे.

कागदावर फ्रेमची कड उतरवली, कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. स्क्रूच्या भोकाची जागा जुन्या फळीवरून घेतली.

२६ ऑक्टोबर

बारीक पात्याच्या करवतीने दोन फळ्या कापल्या. लाकूड करवतीला सरळ जाऊ देत नाही, पातं तापतं. भुकटीला गोडसर, उग्र वास. शिसवीच्या जातीच्या लाकडांची भुकटी काहींच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, म्हणून मास्क, आणि काम झाल्यावर हात कोपरापर्यंत धुतले.

२ नोव्हेंबर, पाडवा

आज काम नाही. पाहुणे, फराळ, ओवाळणी. ओवाळून झाल्यावर, काय हवं ते मी विचारायच्या आत बायकोने सांगितलं: “नुसती कापलेली फळी दाखव.” दाखवली. तिने ती हातात धरून पाहिली आणि खालचा भाग अजून बारीक हवा असं सांगितलं. पेन्सिलने खूण केली.

९ नोव्हेंबर

डावी फळी मोडली.

शिंगाचं टोक कानशीने गोल करत होतो आणि ते अचानक, आवाजसुद्धा न करता, अर्धा इंच तुटून बाकावर पडलं. खूप वेळ नुसता बघत बसलो. कारण शोधायला वेळ लागला नाही. पोळपाट गोल असल्यामुळे आखताना जास्तीत जास्त लाकूड वाचावं म्हणून मी डाव्या फळीचा पुठ्ठा थोडा तिरका ठेवला होता. त्यामुळे लाकडाच्या रेषा शिंगाच्या लांबीतून न जाता त्याला आडव्या गेल्या. आडव्या रेषेचं टोक बिस्किटासारखं तुटतं. खुरप्याची मूठ करणाऱ्या कुठल्याही सुताराला हे माहीत असतं. लाकूड वाचवण्याच्या नादात मी ते नजरेआड केलं.

चिकटवता आली असती. पण शिंगावरच अंगठ्याचं बेचकं दाबलं जातं आणि तिथे डिंकाचा सांधा मला नको. पोळपाटाचा दुसरा तुकडा काढला, पुठ्ठा रेषांना समांतर ठेवला, संध्याकाळपर्यंत नवी डावी फळी कापली. दोन फळ्यांचा रंग आता थोडा वेगळा दिसेल. एक पोळपाटाच्या मधली, दुसरी कडेची.

१० नोव्हेंबर

खुंटीचं भोक आणि स्क्रूचं भोक. फळीला आरपार पाडायचं ते फक्त स्क्रूचं, खुंटीचं अर्ध्यातच थांबवायचं. ड्रिलच्या पात्यावर खोलीपुरती चिकटपट्टी गुंडाळली. स्क्रूचं भोक सरळ जायला हवं, तिरकं गेलं तर स्क्रू स्प्रिंगच्या पातीला घासण्याची भीती. दोन्ही फळ्या फ्रेमशिवाय एकमेकींना बांधून एकदम भोक पाडलं.

पितळी बुशी सुटी विकत मिळते, ती बसवली. जुन्या स्मिथ ग्रिपवर, १९६८ च्या आसपासपर्यंत, या बुशीभोवती लाकडाचा, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा एक ‘डायमंड’ सोडलेला असायचा, आणि त्याच्या चहूबाजूंनी बारीक जाळीचं नक्षीकाम. तो करावा असं फार वाटतं. पण जाळी कोरायला जो हात लागतो तो अजून माझ्याकडे नाही.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस सगळ्यात संथ आणि सगळ्यात चांगला.

फळीची आतली बाजू फ्रेमला पूर्ण टेकायला हवी. नुसत्या डोळ्याला ती टेकलेलीच दिसते. खरं काय ते रंग सांगतो. इथे त्यासाठी निळी शाई किंवा मेणबत्तीची काजळी वापरतात. मी बायकोच्या डबीतलं काजळ घेतलं, फ्रेमच्या कडेवर बोटाने अगदी पातळ लावलं, फळी जागेवर दाबली आणि उचलली. जिथे फळी टेकते तिथे काळा डाग उठतो. फक्त तेवढाच डाग पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. पहिल्या वेळी तीनच ठिपके उठले होते. सुमारे वीस फेऱ्यांनंतर सगळ्या कडेने एक सलग काळी रेघ आली. फळी न दाबता, नुसती टेकवली तरी ‘चप्’ असा बारीक आवाज करून बसते. त्या आवाजासाठी सबंध दुपार दिली.

हे का करायचं? धक्क्याच्या वेळी फळी तीनच ठिपक्यांवर टेकलेली असेल तर सगळा जोर त्या ठिपक्यांवर येतो. लाकूड तिथे चेपतं, स्क्रू सैल होतो, माणूस तो आणखी आवळतो, आणि एक दिवस फळी स्क्रूच्या भोकापासून चिरते. विकत घेतलेली ग्रिपसुद्धा अशी तपासून घ्यावी. तयार ग्रिप सगळ्या फ्रेमना बसावी म्हणून आतून थोडी सैल ठेवलेली असते.

मग बाहेरचा आकार. दर दहा मिनिटांनी बायकोला हाक. ती एकदा कणकेच्या हातानेच आली आणि फळीवर तिच्या हाताचा ठसा उमटला, तो मला मापापेक्षा जास्त उपयोगी पडला. तळहाताची गादी कुठे दाबते, बोटं कुठे संपतात, सगळं पिठात. तिथे तिथे कानस चालवली. तळाकडे १९ मिलिमीटरची फळी आता ८ वर आली आहे, मध्ये तळहाताच्या खळग्यासाठी ११.

डाव्या फळीचा वरचा पुढचा भाग जास्तच उतरवला. रिकामी पुंगळी बाहेर पडताना आणि स्पीडलोडर (सहाही गोळ्या एकदम भरायचं साधन) आत जाताना नेमका तिथेच अडतो. जुनी टार्गेट ग्रिप त्यासाठीच मला नेहमी त्रास द्यायची.

१७ नोव्हेंबर

पॉलिश पेपर: १२०, २२०, ३२०, ४००. मध्ये ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे तंतू उठू दिले आणि पुन्हा घासले. फ्रेमजवळच्या कडा घासताना फळ्या फ्रेमवर ठेवून घासाव्या असं वाटतं, कारण कड तिथेच जुळते. पण पेपरचा एकच चुकीचा हात पोलादाचा निळा रंग नेतो. फ्रेमला तीन थर चिकटपट्टी लावली. शेवटचा केसभर फरक तसाच सोडला. लाकूड पोलादाच्या किंचित बाहेर राहिलं तर चालेल, आत गेलं तर पोलादाची धार हाताला लागते.

२३ नोव्हेंबर

तेल. इतक्या वर्षांच्या पोळ्यांचं तेल-तूप लाकडात मुरलेलं, त्यात शिसवीचं स्वतःचं. एका टाकाऊ तुकड्यावर आधी लावून पाहिलं तर दोन दिवस चिकटच राहिलं. मग फळ्या अ‍ॅसिटोनने पुसल्या. फडकं तपकिरी झालं. तिसऱ्यांदा पुसल्यावर फडकं जवळजवळ स्वच्छ राहिलं, तेव्हा लगेच पहिला हात मारला.

तेल जवसाचं, लवकर सुकावं म्हणून द्रव्यं घातलेलं. लहानपणी क्रिकेटच्या बॅटला हेच पाजायचो, वास आला आणि अंगण आठवलं. पातळ हात, पंधरा मिनिटं थांबायचं, उरलेलं सगळं पुसून काढायचं. जाड थर कधीच नीट वाळत नाही.

या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात कोंडलेली उष्णता फडकं पेटवते. ज्वाळा नको, ठिणगी नको, आपोआप. मी प्रत्येक फडकं बाहेर कुंपणावर एकेक पसरून वाळवतो.

गॅरेजमध्ये ४ अंश सेल्सिअस. इतक्या थंडीत तेल धरत नाही, म्हणून फळ्या घरात, तळघरात टांगल्या.

३० नोव्हेंबर

पाचवा हात. दोन फळ्यांमधला रंगाचा फरक तेलाने कमी होईल असं वाटलं होतं, तो उलट उठून आला. उजवी जांभळट काळी, डावी तपकिरी. मला खटकतं. बायको म्हणाली की राहू दे, पोळपाट तसाच होता.

७ डिसेंबर

बसवल्या. स्क्रू बोटाच्या जोराने टेकेपर्यंत आणि मग पाव आटा, बस. लाकडी ग्रिपचा स्क्रू दातओठ खाऊन आवळण्यासाठी नसतो.

सोबत एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा टी-ग्रिप घेतला आहे. ओक्लाहोमा सिटीच्या मेल्व्हिन टायलर यांनी प्रसिद्ध केलेला हा ठोकळा ट्रिगर गार्डच्या मागच्या पोकळीत बसतो. मॅग्ना फळ्यांमध्ये ती पोकळी उघडी राहते आणि मधलं बोट मार खातं. ठोकळ्याच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या फळ्यांखाली जातात, आणि माझ्या काजळाने जुळवलेल्या फळ्यांना तिथे जागाच नव्हती. आतून पत्र्याच्या जाडीएवढं खरवडलं, पुन्हा काजळ लावून तपासलं. दोन तास.

खोट्या गोळ्या भरून तिने नेम धरला. मनगट, नळी, कोपर एका रेषेत. बेचकं पोलादी पट्टीच्या मधोमध. तर्जनी ट्रिगरवर पहिल्या पेराच्या सांध्यापर्यंत. तिने ट्रिगर ओढला, मग पुन्हा, मग सलग सहा वेळा. हॅमरच्या मागे उभा राहून मी नळीवरच्या माशीचं (नेम धरायच्या खुणेचं) टोक पाहत होतो, ते हललं नाही.

“स्प्रिंग सैल केलीस का?” तिने विचारलं.

स्ट्रेन स्क्रू दाखवला. पूर्ण आवळलेला, २९ सप्टेंबरला मी त्यावर ओढलेली रंगाची रेघ जागच्या जागी.

१४ डिसेंबर

सराव. तिच्या ३६ गोळ्या, सगळ्या .३८ स्पेशल, सगळ्या डबल अ‍ॅक्शन, अंतर ७ यार्ड. सप्टेंबरचे तिचे नेम डावीकडे खाली विखुरलेले असायचे. आज पहिले सहा तळहाताएवढ्या जागेत आले, पुढचे थोडे पसरले, शेवटचे बारा पुन्हा जवळ. अंगठ्याच्या बुडाला लाली नाही. बारा गोळ्यांनंतर स्क्रू पाहिला तर किंचित सैल, पाव आट्याहून कमी. लाकूड बसतंय. २४ नंतर पुन्हा पाहिला, ढिला नव्हता.

मग मी माझ्यासाठी रबरी ग्रिप चढवायला लाल दोऱ्याचा ड्रायव्हर काढला. टी-ग्रिप सोडवून, फळ्या उतरवून, रिकीब अडकवून, तळाचा स्क्रू पिळेपर्यंत सहा मिनिटं लागली. फळ्या आणि टी-ग्रिपसाठी मुलीच्या जुन्या मोज्याची जोडी पिशवीत ठेवली आहे. मॅग्नमच्या सहा आणि .३८ च्या बारा गोळ्या झाडल्या आणि निघालो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली की डाव्या फळीची वरची कड, अंगठा टेकतो तिथे, अजून थोडी उतरवता येईल. घरी येऊन फळी मोज्यातून काढली आणि तिला बोट ठेवायला सांगितलं. अर्धा मिलिमीटर. पेन्सिलने खूण केली.